ठिपका म्हणजे भूकंप नव्हे

मोठा भूकंप झाला की तासाभरात एकच चित्र सगळीकडे फिरू लागतं: मधोमध लाल ठिपका आणि भोवती दोन-तीन वर्तुळं. बघणारा ठिपक्यापासूनचं अंतर मोजतो आणि कुठे किती पडझड झाली असेल याचा अंदाज बांधतो. मोठ्या भूकंपात हा अंदाज हमखास चुकतो. खडक फाटायला सुरुवात कुठे झाली, एवढंच ठिपका सांगतो. फाट कुठवर गेली ते त्यात नसतं.

६ फेब्रुवारी २०२३ चा तुर्कस्तानातला ७.८ चा भूकंप घ्या. फाटायची सुरुवात मुख्य पूर्व अनातोलियन भ्रंशावर झालीच नाही (भ्रंश म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींवर सरकतात). ती झाली शेजारच्या एका छोट्या फाट्यावर. तिथून फाट मुख्य भ्रंशाला जाऊन मिळाली आणि मग दोन्ही दिशांना धावली. एकूण लांबी भरली ३०० किलोमीटरच्या वर. अंताक्या शहर त्या लाल ठिपक्यापासून साधारण १४० किलोमीटर लांब होतं, पण फाटलेल्या रेषेच्या नैर्ऋत्य टोकाशी होतं, आणि तेच सर्वाधिक उद्ध्वस्त झालेल्या शहरांपैकी एक ठरलं. वर्तुळं काढून बघणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. चीनमध्ये २००८ साली वेंचुआनला हेच झालं. फाट ईशान्येकडे पळत गेली आणि केंद्रबिंदूपासून शंभराहून जास्त किलोमीटरवरचं बेइचुआन गाव जमीनदोस्त झालं.

म्हणून ढोबळ आकडे डोक्यात असलेले बरे. ६ च्या भूकंपात फाट १०-१५ किलोमीटरची असते, ७ मध्ये ५०-६०, ८ मध्ये दोनशेच्या वर. २००४ साली सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर पट्टा सरकला होता. म्हणजे ५ च्या भूकंपाला ठिपका चालतो, ६ लाही चालून जातो. ७ च्या पुढे रेषाच हवी. यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेचं भूशास्त्रीय सर्वेक्षण खातं, प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर ‘शेकमॅप’ काढतं. त्यात कुठली जमीन किती हादरली ते रंगांत दिसतं. पण पहिल्या तासातला शेकमॅप बहुधा ठिपका धरूनच केलेला असतो. फाटलेली रेषा नंतरच्या आवृत्त्यांमध्ये येते आणि रंग सरकतात. नकाशावरची आवृत्ती आणि वेळ वाचल्याशिवाय तो पुढे पाठवू नये.

इथे शब्दांचा एक घोळ निस्तरून घेऊ. आपल्या बातम्यांत ‘भूकंपाची तीव्रता ७.८’ असं लिहितात. हा आकडा तीव्रतेचा नसतो, मॅग्निट्यूडचा असतो. मॅग्निट्यूड सगळ्या भूकंपाला मिळून एकच असतं, सुटलेल्या ऊर्जेचं. तीव्रता गावागणिक बदलते, म्हणजे तुमच्या पायाखाली जमीन किती हलली ते. मॅग्निट्यूड १ ने वाढलं की ऊर्जा साधारण ३२ पट होते, २ ने वाढलं की हजार पट. शेकमॅपवर रोमन अंकांत जी लिहिलेली असते ती तीव्रता. खाली मी हे दोन शब्द याच अर्थाने वापरले आहेत.

स्वतःचा नकाशा करताना

जगातल्या भूकंपांचा नकाशा घरबसल्या करता येतो, आणि तो एकदा स्वतः करून बघितला की तयार नकाशांवरचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात. यूएसजीएसच्या संकेतस्थळावर भूकंपांची यादी शोधण्याची सोय आहे. किमान मॅग्निट्यूड, तारखा आणि नकाशावरचा हवा तो चौकोन द्यायचा, सीएसव्ही (म्हणजे साध्या तक्त्याची) फाइल उतरवायची. एका वेळी २०,००० नोंदींपेक्षा जास्त मिळत नाहीत. त्याहून जास्त हव्या असतील तर तारखांचे तुकडे पाडून घ्यावे लागतात.

किमान मॅग्निट्यूड किती ठेवायचं हा पहिला निर्णय, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. २.५ ठेवलं तर कॅलिफोर्निया आणि अलास्का ठिपक्यांनी काळेकुट्ट होतात आणि फिलिपिन्स विरळ दिसतं. कारण यादी अमेरिकेतली आहे. तिथल्या दाट यंत्रजाळ्यांनी टिपलेले बारीकसारीक धक्केही तिच्यात येतात, बाकी जगातले येत नाहीत. तो नकाशा भूकंपांचा नसून भूकंपमापकांचा होतो. जगभर सारख्या काट्याने मोजायचं तर ५ आणि त्यावरचे, १९७० च्या दशकापासून पुढचे भूकंप घ्यावेत. ४.५ पर्यंत खाली उतरायला हरकत नाही, पण अलीकडच्या वर्षांपुरतंच. शिवाय ‘प्रकार’ हा रकाना बघून खाणीतले स्फोट आणि इतर स्फोट गाळून टाकावेत.

फाइल क्यूजीआयएससारख्या नकाशे काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडताना एक्सच्या जागी रेखांश आणि वायच्या जागी अक्षांश द्यायचा. फाइलमध्ये अक्षांश आधी येतो, त्यामुळे उलट होण्याची फार शक्यता. उलट झालं की जपानचे ठिपके दिसेनासे होतात, कारण १४० अक्षांश असा काही प्रकारच नाही. दुसरी अडचण प्रशांत महासागराची. नेहमीचा नकाशा १८० रेखांशावर कापलेला असतो, त्यामुळे प्रशांताभोवतीचं भूकंपाचं कडं दोन तुकड्यांत विभागलं जातं आणि टोंगाचे ठिपके निम्मे डाव्या, निम्मे उजव्या कडेला जातात. नकाशाचा मध्य १५०-१६० पूर्व रेखांशाच्या आसपास ठेवला की कडं अखंड दिसतं.

एखाद्या शहराभोवती २०० किलोमीटरचं वर्तुळ काढायचं असेल तर आधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत, बदला. अक्षांश-रेखांशाच्या साध्या प्रणालीत २०० हा आकडा किलोमीटर नव्हे, अंश समजला जातो आणि वर्तुळ अख्खी पृथ्वी गिळतं. अंशांत रूपांतर करून काढावं तर तेही वेडंवाकडं येतं. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटर असतो, पण रेखांशाचा एक अंश ६० अक्षांशावर जेमतेम ५५ किलोमीटरच उरतो. त्या शहरावरच मध्य धरलेलं समअंतर प्रक्षेपण घेतलं की प्रश्न मिटतो.

ठिपक्याचा आकार मॅग्निट्यूडवरून ठरवा, रंग खोलीवरून. मोठे ठिपके आधी आणि छोटे वर काढले जातील असा क्रम लावा, नाहीतर एकच ८ चा भूकंप शेकडो छोटे झाकून टाकतो. रंगांचे गट मात्र सॉफ्टवेअरवर सोडू नका. ते सारख्या संख्येचे गट पाडतं आणि बहुतांश भूकंप उथळ असल्यामुळे पाचपैकी चार रंग वरच्या ५० किलोमीटरमध्येच खर्ची पडतात. ०-७०, ७०-३००, ३००-७०० असे गट हाताने द्या.

खोलीचा आडवा छेद

खोलीचे रंग भरले की नकाशा बोलू लागतो. अटलांटिकच्या मधोमध उथळ भूकंपांची बारीक दोरी दिसते. तिथे प्लेटा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे अवाढव्य सरकते तुकडे, एकमेकींपासून दूर सरकतात. हिमालय आणि तिबेटमध्ये ठिपके पसरट विखुरलेले असतात, कारण दोन खंड एकमेकांवर आदळले की हद्द एका रेषेत मावत नाही. आणि जपान, टोंगा, चिली इथे समुद्राकडून सुरू होऊन एकाच दिशेला खोल खोल जाणारे रंगांचे पट्टे दिसतात.

हा तिसरा प्रकार नीट पाहायचा तर उत्तर जपानचा छेद घ्या. अक्षांश ३८ ते ४०, रेखांश १३० ते १४६, मॅग्निट्यूड ४.५ च्या वर, १९९० पासून पुढे. फाइल कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडून आडव्या अक्षावर रेखांश आणि उभ्या अक्षावर खोली असा विखुरलेल्या ठिपक्यांचा आलेख काढा. खोलीचा अक्ष उलटा करा, म्हणजे शून्य वर येईल. १४४ रेखांशाजवळ, समुद्रातल्या गर्तेपाशी, ठिपके वरच्या थरात असतात. पश्चिमेकडे सरकावं तसे ते उतरत जातात. १४२ च्या आसपास किनारा लागतो. १४१ पाशी ज्वालामुखींची रांग आहे आणि तिच्या खाली तो तिरका पट्टा साधारण १०० किलोमीटर खोल गेलेला असतो. पुढे जपानच्या समुद्राखाली तो ३०० किलोमीटरच्याही खाली जातो. दिसतंय ते जपानखाली शिरणारी प्रशांत प्लेट. वादाती आणि बेनिऑफ या भूकंपशास्त्रज्ञांनी हेच हाताने आखून दाखवलं होतं, म्हणून या तिरक्या पट्ट्याला त्यांचं नाव आहे.

या आलेखात तीन गोष्टी खटकतील. १० आणि ३३ किलोमीटरवर ठिपक्यांच्या सरळ आडव्या रांगा दिसतील. निसर्ग असं वागत नाही. खोली ठरवता आली नाही की गणितात हे आकडे धरून चालण्याची पद्धत आहे. दुसरं, किनाऱ्यापुढे उथळ ठिपक्यांचा प्रचंड गठ्ठा असेल. तो ११ मार्च २०११ च्या ९.१ नंतरच्या धक्क्यांचा. तो ठेवून ‘दरवर्षी सरासरी किती भूकंप’ असं काढलं तर उत्तर फुगतं, म्हणून धोक्याच्या गणितात मुख्य धक्के आणि नंतरचे धक्के वेगळे काढतात. तिसरं, या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे ८६ किलोमीटर भरतो. दोन्ही अक्षांचं प्रमाण जुळवलं नाही तर उतार खरा आहे त्यापेक्षा कडा किंवा सपाट दिसेल.

जमिनीखाली, वरच्या ३० किलोमीटरमध्ये, तिरक्या पट्ट्यापासून सुटा असा ठिपक्यांचा आणखी एक थर असतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. मॅग्निट्यूड लहान असलं तरी हे भूकंप थेट वस्तीखाली होतात. १४ जून २००८ चा इवाते-मियागी भूकंप यातलाच. मॅग्निट्यूड ६.९ होतं, पण भ्रंशाजवळच्या एका यंत्रावर ४ जी पेक्षा जास्त त्वरण नोंदलं गेलं. १ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण. याउलट १९९४ मध्ये बोलिव्हियाखाली ८.२ चा भूकंप झाला. खोली ६०० किलोमीटरच्या पुढे. थेट कॅनडापर्यंत तो लोकांना जाणवला, नुकसान मात्र नगण्य. मॅग्निट्यूड वाचताना शेजारचा खोलीचा आकडा वाचलाच पाहिजे.

रिकामी जागा

ठिपक्यांच्या नकाशातला सगळ्यात धोकादायक भाग कधीकधी रिकामा असतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यापुढे कॅस्केडिया पट्टा आहे. तिथे एक प्लेट खंडाखाली शिरते आहे, पण ५० वर्षांच्या नकाशात त्या दोन प्लेटांच्या सांध्यावर फारसं काही दिसत नाही. आणि याच जागी २६ जानेवारी १७०० रोजी सुमारे ९ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. तारीख कळली ती जपानमधल्या जुन्या नोंदींवरून. तिकडे भूकंप न जाणवताच त्सुनामी आली होती. अमेरिकेच्या बाजूला किनाऱ्यावरची जंगलं खचून खाऱ्या पाण्यात मेली, त्यांची खोडं आजही उभी आहेत. सांधा घट्ट अडकलेला असला की छोटे धक्केही बसत नाहीत. शांतता म्हणजे सुरक्षितता, हा अर्थ इथे उलटा पडतो.

म्हणून ठिपक्यांवर आणखी दोन थर चढवावे लागतात. एक ऐतिहासिक भूकंपांचा. अमेरिकेच्या नोआ या संस्थेची मोठ्या भूकंपांची यादी इसवी सनापूर्वीपासून सुरू होते. जुन्या नोंदींची जागा ढोबळ असते, पण नसण्यापेक्षा बरी. दुसरा थर सक्रिय भ्रंशांचा. जेम (ग्लोबल अर्थक्वेक मॉडेल) फाउंडेशनचा जागतिक भ्रंशसंच मोफत मिळतो आणि त्यात सरकण्याचा वेगही दिलेला असतो, जिथे ठाऊक आहे तिथे. तो वेग हातात आला की साधा गुणाकार करता येतो. उत्तर अनातोलियन भ्रंश वर्षाला २० मिलिमीटरच्या थोडा वर सरकतो. १९३९ मध्ये एर्झिंजानला ७.८ चा भूकंप झाला, मग १९४२, १९४३, १९४४ असे धक्के टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे सरकत गेले. १९९९ मध्ये इझमित आणि डुझजे झाले. या सगळ्या फाटी एका नकाशावर वेगवेगळ्या रंगांत आखल्या की इस्तंबूलच्या दक्षिणेला, मार्मारा समुद्राखाली, न फाटलेला तुकडा उठून दिसतो. तिथला शेवटचा मोठा भूकंप १७६६ चा. अडीचशे वर्षं गुणिले २० मिलिमीटर म्हणजे ५ मीटर. हा कमाल हिशेब झाला, कारण भ्रंशाचा काही भाग आवाज न करता हळूहळू सरकतोही.

भ्रंशांच्या नकाशालाही मर्यादा आहेत. त्यावर नसलेला भ्रंश जमिनीत नसतोच असं नाही. १९९४ चा लॉस एंजेलिसजवळचा नॉर्थरिज भूकंप पृष्ठभागापर्यंत न पोचणाऱ्या भ्रंशावर झाला. न्यूझीलंडमध्ये २०१० चा डारफील्ड भूकंप गाळगोट्यांखाली दडलेल्या, तोवर कुणालाच ठाऊक नसलेल्या भ्रंशावर झाला. प्लेटेच्या पोटात, हद्दीपासून लांब, हे आणखी अवघड असतं. १९९३ साली किल्लारी भारताच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती.

धोक्याचा नकाशा वाचताना

आता लाल-पिवळ्या रंगांचा जागतिक धोक्याचा नकाशा. जेमने तो २०१८ मध्ये काढला आणि २०२३ मध्ये सुधारला. त्यावरचा रंग भूकंप कुठे होणार ते सांगत नाही. ५० वर्षांत १० टक्के शक्यतेने ओलांडलं जाईल असं जमिनीचं त्वरण तो सांगतो, जी च्या पटीत. यालाच ४७५ वर्षांचा परतीचा काळ म्हणतात आणि इथे गफलत ठरलेली. ४७५ वर्षांनी एकदा येणार असा त्याचा अर्थ होत नाही, ‘मागच्याच वर्षी येऊन गेला, आता निवांत’ असा तर मुळीच नाही. ५० वर्षांत न ओलांडण्याची शक्यता ०.९, शंभर वर्षांत ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१. शंभर वर्षं उभ्या राहणाऱ्या पुलासाठी तीच शक्यता १९ टक्के होते. बहुतेक नकाशांतलं गणित मागच्या भूकंपाला किती वर्षं झाली हे लक्षातच घेत नाही, त्यामुळे वरचा मार्माराचा हिशेब त्यात शोधू नका.

२०१० मध्ये हैतीला आणि २००८ मध्ये वेंचुआनला जमीन १९९९ च्या जुन्या जागतिक नकाशापेक्षा जास्त हादरली, त्यावरून बरीच टीका झाली. काही अंशी रास्त. पण १० टक्के ठिकाणी आकडा ओलांडला जाणं हे त्या नकाशातच लिहिलेलं असतं. एका भूकंपावरून नकाशा खोटा ठरवणं म्हणजे एकदा पाऊस पडला म्हणून ‘शक्यता १० टक्के’ म्हणणाऱ्याला खोटं पाडणं.

नकाशाच्या सूचीत, म्हणजे कोपऱ्यात रंगांचा अर्थ दिलेला असतो तिथे, आणखी दोन गोष्टी तपासायच्या. आकडा कोणत्या हालचालीचा आहे? कमाल त्वरण बुटक्या, ताठ इमारतींना लागू पडतं. उंच इमारती मंद हेलकाव्यांना साथ देतात. ढोबळमानाने मजल्यामागे ०.१ सेकंद धरा, म्हणजे दहा मजल्यांना १ सेकंदाच्या लहरींचा वेगळा नकाशा लागतो. आणि दुसरं, जमीन कुठली धरली आहे? जागतिक नकाशे जवळजवळ नेहमी कठीण खडक गृहीत धरतात, ज्यात वरच्या ३० मीटरमध्ये आडव्या लहरींचा सरासरी वेग सेकंदाला ७६०-८०० मीटर असतो. शहरं मात्र बहुधा नदीच्या गाळावर वसलेली असतात.

गाळ काय करतो ते १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत दिसलं. ८.० चा भूकंप ३५० किलोमीटरहून दूर, प्रशांत किनाऱ्याला झाला. शहरातच, खडकावरच्या यंत्राने कमाल त्वरण नोंदलं ०.०३-०.०४ जी. जुन्या तळ्याच्या चिकणमातीवरच्या यंत्राने नोंदलं ०.१७ जी. माती साधारण २ सेकंदांच्या लयीत डोलली, आणि हलता हलता कमकुवत होऊन ज्यांची लय त्या ठेक्याला येऊन मिळाली अशा सहा ते पंधरा मजली इमारती सगळ्यात जास्त पडल्या. धोक्याच्या नकाशावर हा फरक दिसत नाही, तो या लहरींच्या वेगाच्या नकाशावर दिसतो. सेकंदाला १८० मीटरपेक्षा कमी वेग म्हणजे अगदी मऊ माती, १८० ते ३६० म्हणजे घट्टशी माती, ७६० च्या वर खडक. यूएसजीएसचा जागतिक वेगनकाशा जमिनीच्या उतारावरून काढलेला अंदाज आहे: सपाट म्हणजे मऊ, चढ म्हणजे कठीण. त्यामुळे लाव्हाच्या कठीण पठाराला तो मऊ समजतो. स्थानिक भूगर्भनकाशा मिळत असेल तर तोच घ्यावा.

आणि या सगळ्यांत पाणी कुठेच नाही. २००४ मध्ये श्रीलंकेत जमीन फारशी हललीही नव्हती, तरी तीस हजारांवर माणसं गेली. किनाऱ्यावरच्या गावासाठी त्सुनामीचा नकाशा वेगळा मागवावा लागतो, आणि त्यात पाण्याची उंची किनाऱ्यावर मोजली आहे की जमिनीवर पाणी जिथवर चढलं तिथे, हे सूचीत बघावं लागतं. एकाच लाटेचे हे दोन आकडे खूप वेगळे असू शकतात.